दारात बसलेले मेहुणे

जेवायला बोलावल्यावर ज्याला उभ्या आयुष्यात एकदाही 'नको' म्हणता आलेलं नाही, असा माणूस अख्ख्या टेक्सासात एकच आहे आणि तो माझा मेहुणा आहे. हाच माणूस चार वर्षांपूर्वी माझ्याच दारात, माझ्याच विरुद्ध, दोन दिवस उपाशी बसला होता. त्या दोन दिवसांत माझं वजन त्यांच्यापेक्षा जास्त घटलं असं आमची ही अजून सांगते.

नातं सांगायचं तर ते हिचे मामेभाऊ, नागपूरचे. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाऊजी. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून तेलाच्या कंपन्यांत आयुष्य गेलं, लग्न केलं नाही, आणि पन्नाशीच्या सुमाराला कंपनीनं दोन वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर धाडलं. परदेशातून लोक स्वेटर आणतात, हे तिथल्या प्राचीन केल्ट लोकांचा धर्म घेऊन आले. तिथं त्यांच्या घरमालकीणबाईंनी त्यांना एका झऱ्यावर नेलं होतं. झऱ्याशेजारच्या झाडाला नवसाच्या चिंध्या बांधलेल्या बघून ह्यांचे डोळे भरून आले. "भाऊजी, मला वाटलं मी आजोळीच आलो," असं ते मला एअरपोर्टवरून घरी येताना सांगत होते आणि मी हायवेची एक्झिट चुकलो होतो. मग शुगर लँडमधल्या त्यांच्या घरामागच्या ओकच्या झाडाला दूध आणि मध मिळू लागला. मंडळातल्या एका काकूंनी काळजीनं विचारलं, "दादा, तुम्ही ख्रिश्चन झालात का हो?" तेव्हा दादा म्हणाले, "काकू, हे त्यांच्याही आधीचं." मात्र कुणी इंग्लंडमधलं ते मोठमोठ्या उभ्या दगडांचं वर्तुळ केल्टांनी बांधलं म्हणालं की दादांचा पारा चढायचा. ते दगड केल्टांच्या कितीतरी आधीचे, हे ते समोरच्याला पटेपर्यंत सोडत नसत, मग भाजी गार होवो की पाहुणा.

केल्ट लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा, म्हणून दादांचाही होतो. परिणामी ते प्रत्येक समारंभाला आदल्या संध्याकाळी हजर. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाची सरप्राइज पार्टी हिनं महिनाभर लपवून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी मी हाफ पँटीत लॉन कापत असताना दादा जॅकेट घालून, हातात केक घेऊन आले आणि म्हणाले, "बाकीचे आले नाहीत का अजून?" ही खिडकीतून हातवारे करत होती, पण सूर्य मावळला होता आणि दादांच्या दृष्टीनं मी पन्नास वर्षांचा झालो होतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे, महत्त्वाचं काही लिहायचं नाही. केल्टांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, सगळी विद्या तोंडपाठ ठेवत. कागदावर उतरवलेलं ज्ञान डोक्यातून उतरतं अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे दादांकडे ना डायरी, ना फोनमध्ये नंबर साठवलेले. सगळं डोक्यात. ह्यूस्टनच्या आसपासच्या मराठी माणसांच्या सात सात पिढ्या त्यांना पाठ. नव्या माणसाची ओळख झाली की पहिला प्रश्न, "खापरपणजोबांचं नाव काय?" पुण्याहून नुकताच आलेला आयटीतला एक तरुण आजोबांपाशीच अडकला आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "काका, आधार कार्डावर एवढंच आहे." दादांनी तिथल्या तिथं त्याच्या वडिलांना पुण्याला फोन लावला. वडिलांना पहाटे साडेचारला उठवून पाच पिढ्या मिळवल्या आणि उरलेल्या दोन त्यांच्या चुलत्यांकडून.

आणि तिसरी ती गेश. गेश म्हणजे माणसानं स्वतःवर घालून घेतलेलं बंधन. जुन्या केल्ट योद्ध्यांना असायचं, मोडलं की घात ठरलेला. दादांनी घेतलेली गेश अशी, की जेवायचं आमंत्रण नाकारायचं नाही. एका दिवाळीला चार घरांनी एकाच दिवशी बोलावलं. दादा चारही घरी पोटभर जेवले. चौथ्या घरून परत येताना माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवे होते. ही वैतागून म्हणाली, "दादा, एकदा नाही म्हटलं तर काय होतं?" मागून क्षीण आवाज आला, "मरण येतं." गॅसची गोळी मात्र त्यांनी घेतली, कारण ती जेवण नव्हे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि आम्ही वर्षानुवर्षं नेलं. पण दादांनी केल्टांकडून घेतलेली एक गोष्ट आमच्या घरात खोल रुजली होती. ते लोक आपली लेकरं दुसऱ्या घरी वाढवायला देत, आणि वाढवणाऱ्याचा त्या लेकरावर जन्मभराचा हक्क राही. आमची मुक्ता सहा वर्षांची असताना हिची आई अंथरुणाला खिळली, ही नागपूरला गेली. मी तेव्हा समुद्रातल्या तेलफलाटावर दोन आठवडे असायचो, दोन आठवडे घरी. मग दहा महिने मुक्ता तिच्या मामाकडे राहिली. मामानं तिची वेणी घालायला शेजारणीकडून शिकून घेतलं आणि गोष्टी तोंडी शिकवल्या. ती परत आली तेव्हा तिला पाढे येत नव्हते, पण माझ्या सात पिढ्या येत होत्या. मला स्वतःला चारच येतात.

ही मुक्ता मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून वेल्डर झाली. ब्युमाँटकडे एका वर्कशॉपमध्ये पाइप वेल्डिंग शिकायला लागली आणि तिथंच कामाला राहिली. मी पस्तीस वर्षं पाइपलाइनच्या वेल्डिंगची तपासणी करण्यात घालवली. दुसऱ्यानं केलेल्या जोडाकडे बघून तो पास की नापास हे सांगणं, हे माझं काम. वेल्डरांना मी मान देत आलो, त्यांच्याबरोबर मेक्सिकन टाको खाल्ले, त्यांच्या मुलांच्या ग्रॅज्युएशनला गेलो. आणि दोनदा फील्डवर भाजलेली माणसं उचलायला हात दिला. मला भीती वाटली होती, हे आज मी सरळ सांगतो. पण त्या दिवशी तोंडून भीती निघाली नाही. निघालं ते असं, "मंडळात लोकांना मी काय सांगू?" आणि पुढं, "हेच करायचं असेल तर या घरात येऊ नकोस." ती म्हणाली, "ओके, बाबा." आणि गेली. मोठ्यानं भांडली असती तर मी कदाचित सावरलो असतो.

अकरा महिने असेच गेले. मध्यंतरी तिच्याकडून एक लहान जड खोकं आलं. मी ते न उघडता परत पाठवलं. ही माझ्याशी आठवडाभर फक्त मीठ-साखरेपुरती बोलली.

मग जुलैच्या अखेरीला, एका दुपारी, मी गॅरेजमध्ये असताना दादा आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "भाऊजी, पाच दिवसांची नोटीस देतो. लिहून देणार नाही, तोंडीच. जुन्या आयरिश कायद्यात होतं, मोठ्या माणसानं न्याय दिला नाही तर धाकट्यानं त्याच्या दारात उपाशी बसायचं. आपल्याकडचं धरणंच की ते, फक्त समुद्रापलीकडचं. मुलीला वाढवलंय मी, तिच्या वतीनं बसायचा हक्क आहे माझा." मी म्हटलं, "दादा, तुम्हाला शुगर आहे. वय एकाहत्तर आहे. बाहेर शंभर फॅरनहाइट आहे." ते म्हणाले, "म्हणून तर पाच दिवस देतोय." मागणी काय, असं विचारल्यावर म्हणाले, "खोकं उघडा. आत जे आहे ते बघा. एवढंच." मी म्हटलं, "बघणार नाही." पालथ्या घड्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निघून गेले.

केल्टांचा सुगीचा सण एक ऑगस्टला असतो, त्या दिवशी भांडणं मिटवतात म्हणे. त्यामुळे दादा एकतीस जुलैच्या संध्याकाळी आले, हे ओघानं आलंच. घडीची खुर्ची, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली आणि मांडीवर फडक्यात बांधलेलं, मुक्ताकडून आणलेलं ते खोकं. पोर्चवर दरवाजाच्या बरोबर समोर बसले. हिनं पिठलं-भाकरी केली होती. मी मुद्दाम खिडकीचे पडदे सरकवून, दिसेल असा बसलो. पहिला घास तोंडात फिरत राहिला. ही समोर बसली होती, तिच्यापुढं ताट नव्हतं. मी विचारलं, "तूही माझ्याविरुद्ध का?" ती म्हणाली, "विरुद्ध कशाला? मला भूक नाही." मी ताट झाकून ठेवलं. झोपायला मात्र हिनं दादांना ओढून आत आणलं. उपाशी माणूस झोपेत उपाशीच असतो, त्यामुळे व्रत मोडत नाही, असा तोडगा दोघां भावाबहिणींनी परस्पर काढला. सूर्य उगवला तेव्हा ते पुन्हा बाहेर होते.

सकाळी नऊला ही त्यांच्या बोटाला सुई टोचून शुगर बघून आली. आकडा सांगितला नाही, नुसती ओठ दाबून आत गेली. दहाला कॉलनीच्या असोसिएशनची ईमेल आली, की दर्शनी भागात विनापरवाना फर्निचर ठेवू नये. अकराला पोलिसांची गाडी आली. कुणी शेजाऱ्यानं फोन केला होता. तरुण ऑफिसर होता, अदबशीर. त्यानं दादांना काहीतरी विचारलं, दादांनी त्याला त्याच्या आजोबांचं नाव विचारलं. मग तो माझ्याकडे आला. "सर, इज ही बॉदरिंग यू? डू यू वाँट हिम टु लीव्ह?" मी 'यस' म्हटलं असतं तर पाच मिनिटांत पोर्च रिकामा झाला असता. ही माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "ही इज माय वाइफ्स ब्रदर." ऑफिसर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, "सो, फॅमिली," आणि पाण्याच्या दोन बाटल्या दादांच्या पायाशी ठेवून निघून गेला.

दुपारी मला घरात थांबवेना. गाडी काढली, हायवेलगतच्या एका टाकोवाल्यापाशी थांबलो आणि गाडीतच बसून, एसी लावून, तिखट साल्सा घालून दोन टाको खाल्ले. पस्तीस वर्षांत माझं असं चोरून खाणं पहिलंच. परत आलो तर दादा टोपी वर करून म्हणाले, "जेवून आलात. साल्सा लागलाय मिशीला." मी मिशी पुसली. "कायदा असा आहे भाऊजी, उपोषण दारात चालू असताना जो जेवतो त्याच्यावरची मागणी दुप्पट होते. आता खोकं बघायचं, आणि बघून काय दिसलं ते तिला फोन करून सांगायचं." मी म्हटलं, "हा कायदा दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे." ते म्हणाले, "आणि तुमचा कुठला आहे, लोक काय म्हणतील तो? तो त्याहून जुना आहे." मी दार लावून घेतलं. जरा जोरातच लागलं.

दुसऱ्या दिवशी गोष्ट चेष्टेच्या पलीकडे गेली. सकाळीच दादांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. बोलणं सावकाश झालं होतं. ही फार्मसीत काम करते, तिला कळत होतं. साडेअकराला ती आत आली आणि म्हणाली, "शुगर सदुसष्टवर आलीय. मी आता अॅम्ब्युलन्स बोलावणार." "बोलाव." "ते जाणार नाहीत. तुम्हाला माहितीय." मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं, माझ्या शर्टाची बाही धरली. "माझ्या आईच्या आजारपणात याच माणसानं आपली मुलगी सांभाळली. तुम्हाला एक खोकं उघडायला काय होतंय?"

मला राग आला आणि त्या रागातच मला युक्ती सुचली. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मी मनात टाळी वाजवली. गेश. जेवायला बोलावलं की ह्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मग बोलवावं की. आपोआप उपोषण सुटेल, मला काही बघायला नको, काही मान्य करायला नको. मी दार उघडलं आणि म्हटलं, "दादा, चला जेवायला."

त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "विचार करून बोललात का?" मी म्हटलं, "जेवायला बोलावतोय, त्यात विचार कसला?" "ज्याच्या दारात उपोषण चाललंय त्यानं जेवायला बोलावणं म्हणजे मागणी मान्य करणं. तुम्ही मान्य केलेलं नाही, ते तुमच्या तोंडावर दिसतंय. म्हणजे मी उठलो तर पोरीचा दावा बुडतो. आणि नाही उठलो तर माझी गेश मोडते." मी विचारलं, "मग?" ते जरासं हसले. "जुन्या गोष्टींत माणसाला असंच मारतात. त्याची दोन बंधनं एकमेकांसमोर उभी करतात." आणि खुर्चीचे हात धरून ते उठायला लागले. मी बोलावलं होतं, त्यामुळे ते उठत होते. कोपर टिकत नव्हतं. अर्ध्यावर आले आणि परत खाली बसले. मांडीवरचं खोकं घसरलं ते मात्र त्यांनी पकडलं.

त्या क्षणी मला माझीच फार किळस आली. तेलफलाटावरून घरी आलो की ह्याच माणसाच्या दारात मुक्ता दोन वेण्या घालून माझी वाट बघत उभी असायची. वेण्या वाकड्या असायच्या, पण घट्ट असायच्या. मी खाली पायरीवर बसलो आणि म्हटलं, "मान्य. दोन्ही मान्य. द्या इकडे."

फडक्यात, खोक्यात, आणखी एका कागदात, पाइपाचा एक वीतभर तुकडा होता. मधोमध वेल्ड. परीक्षेला करतात तसा, मागच्या बाजूला तिची आद्याक्षरं कोरलेली. हिनं दादांना आत नेऊन आधी संत्र्याचा रस आणि मग मऊ भात दिला. मी गॅरेजमध्ये जाऊन माझी टॉर्च आणि भिंग आणलं. रिटायर झाल्यावर प्रथमच ते हातात घेतलं होतं. आत उजेड टाकला. मुळातला थर सलग, सारखा, कुठं तुटलेला नाही. वरचे थर एकावर एक बसलेले. मी पाइप फिरवत गेलो. बघायची सवय जात नाही. आणि खालच्या बाजूला, घड्याळात सहा असतात त्या जागी, जोडाच्या कडेला एक बारीक खाच दिसली, आमच्या भाषेत अंडरकट. अर्धा इंच लांब. पाइपाखाली उताणं पडून, अंगावर ठिणग्या घेत ती जागा जोडायची असते. चांगले चांगले तिथं चुकतात. ती खाच नियमात बसत होती. मी पास केली असती. मी पास केली.

फोन तिनं दुसऱ्या रिंगला उचलला. मागे ग्राइंडरचा आवाज येत होता. मला 'कशी आहेस' म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "सहाच्या जागी अंडरकट आहे." ग्राइंडरचा आवाज लांब गेला, ती बाहेर आली असावी. मग ती म्हणाली, "आय नो, बाबा. आय हॅड अ बेटर वन. मी हा पाठवला." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "बिकॉज ऑन दिस वन, यू वुड हॅव टु से समथिंग." तेवढ्यात स्वयंपाकघरातून दादांचा आवाज आला, "काय म्हणते? घरी कधी येते ते विचारा." ती तिसऱ्या मागणीत मोडत होती, पण मी विचारलं. ती शनिवारी आली. दादांच्या मते शुक्रवारी संध्याकाळीच यायला हवं होतं.

तेव्हा दादांनी मला एक सांगितलं होतं. केल्टांच्या एका देवीच्या पदरात तीन विद्या आहेत, कविता, वैद्यकी आणि लोहारकाम. "पोरीनं घर बदललेलं नाही भाऊजी, नुसती खोली बदलली." मी तेव्हा मान डोलावली. मुक्ता आता स्वतः दोन शिकाऊ पोरींना शिकवते. मंडळात मी लोकांना काय सांगतो? पाइपाचा तुकडा दिवाणखान्यात ठेवला आहे, लोक विचारतात, मी सांगतो. जरा लांबवतोच.

गेल्या वर्षापासून दादांचं विसरणं सुरू झालं आहे. ज्या माणसानं आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही, त्याच्या डोक्यातून एकेक नाव चाललं आहे. डॉक्टर म्हणाले, चिठ्ठ्या लिहून घरभर लावा. दादांनी त्या काढून टाकल्या. मुक्ता आली की त्यांच्याजवळ बसते आणि सात सात पिढ्या म्हणते, माझ्या, तिच्या आईच्या, त्या पुण्याच्या तरुणाच्यासुद्धा. तोंडी शिकलेलं तिनं तोंडीच ठेवलं आहे. ते ऐकत मान हलवतात, आणि एखादं नाव चुकलं तर अजून दुरुस्त करतात. तेवढं शिल्लक आहे.

आता ते आमच्याकडेच असतात. काही दुपारी मी बघतो तर ते आपली घडीची खुर्ची घेऊन पोर्चवर, दरवाजासमोर बसलेले असतात. टोपी घातलेली, मांडीवर काहीतरी फडक्यात बांधलेलं, कधी टीव्हीचा रिमोट, कधी संत्रं. चेहरा ताठ. कुणासाठी बसलो आहोत हे त्यांना आठवत नसतं, पण उठायचं नाही हे पक्कं आठवत असतं. सुरुवातीला मी समजावायचो, दादा, ते संपलं, मुक्ता येते आता. त्यांना ते पटायचं नाही. आता मी समजावत नाही. दार उघडतो, त्यांच्यासमोर पायरीवर बसतो. ते विचारतात, "मान्य?" मी म्हणतो, "मान्य, दादा. दोन्ही मान्य. चला जेवायला."

आणि ते उठतात. नाही म्हणता येत नाही त्यांना.